उजव्या बाहीवरची फिल्म

पोर अजून तेच का शोधतेय, हा विचार आईच्या मनातून हटता हटत नव्हता. रविवारी लेक फोनवर म्हणाली होती, "आई, बाबांच्या बाहीवर होती ना, तशी फिल्म पुन्हा जमतच नाहीये गं. तीच रसायनं, तेच प्रमाण, तेच तापमान. आठ महिने झाले. कुठे चुकतंय तेच कळत नाही."

तेव्हापासून आईला घास गोड लागत नव्हता. कारण कुठे चुकतंय, ते तिला ठाऊक होतं.

लेक प्रयोगशाळेत सोलर सेल बनवायची. छपरावरचे जाड, काचेचे नव्हेत. कार्बनच्या रसायनांची शाई करून छापलेले, केसाहून पातळ फिल्मचे, रबरासारखे ताणले जाणारे. कपड्यावर चिकटवायचे, उन्हात हिंडायचं, की मनगटावरचं नाडी मोजणारं यंत्र त्यावरच चालणार. बॅटरीची कटकट नाही. ताणायच्या मशीनवर फिल्म हजार वेळा खेचून झाली, मग माणसाच्या अंगावर पाहायची वेळ आली. पहिला माणूस कोण, तर बाबा.

बाबांचं शिवणकामाचं दुकान. सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. बाही आधी कोपराशी विरते, हे त्यांनीच लेकीला लहानपणी दाखवलेलं. म्हणून फिल्मही कोपरावरच बसवली. "आठवडाभर घाला, नेहमीची कामं करा, ती तिथे आहे हे विसरून जा," असं बजावून लेक परत गेली.

मास्तर कुठले विसरतात! दुसऱ्या दिवशी आई बघते तर स्वारी डाव्या हाताने जेवतेय आणि उजवा हात ताठ, इस्त्री केल्यासारखा.

"हात काय काचेचा झालाय?"

"पोरीची चार वर्षांची मेहनत आहे त्यावर. माझ्या हातून तडकायला नको."

"अहो, वाकवून बघायलाच तर दिलंय ना तिने!"

"ते दुसऱ्यांवर बघेल. तू गप्प बस."

आठवडाभर दुकानाला कुलूप. झोपेत कोपर वाकू नये म्हणून बाहीत लाकडी फूटपट्टी सरकवून झोपायचे. दिवसा गच्चीवर उन्हात येरझाऱ्या, आणि दर तासाला यंत्रावरचा विजेचा आकडा वहीत, डाव्या हाताने, वेडावाकडा. लेक आली, आकडे पाहिले, फिल्मवर एकही भेग नाही हे पाहिलं आणि त्यांच्या गळ्यातच पडली. नंतर आईला बाजूला घेऊन ते म्हणाले, "हिला सांगशील तर बघ."

नाही सांगितलं. एका हाताने असा काय फरक पडणार, असं वाटलं. दोन महिन्यांनी छातीत कळ येऊन बाबा गेले, आणि त्यांना दिलेला शब्द मोडणं आणखीच जड झालं.

पुढे दहा जणांनी तशीच फिल्म बाहीवर घातली. तीन दिवसांत नऊ जणांच्या फिल्मला कोपरापाशी बारीक भेगा. लेकीने दोष मिश्रणाला दिला नाही, स्वतःला दिला. बाबांच्या वेळी जमलेलं काहीतरी आपल्या हातून निसटलं, अशी तिची खात्री. वहीतली पानं तिने टेबलासमोर चिकटवली. मिश्रणच बदलून बघ, असं सांगून तिच्या मोठ्या मॅडम थकल्या. आता महिनाअखेर काम बंद करायचं म्हणत होत्या. लेकीचं एकच पालुपद, "पण एकदा जमलं होतं ना!"

भर दुपारी आई खिडकीपाशी बसून होती. सांगावं, तर बाबांसोबतचा पोरीचा तो एक आनंदाचा दिवस खोटा ठरणार. त्यांनी आपल्याला फसवलं, असंही तिला वाटेल. न सांगावं, तर पोर ज्या फिल्मसाठी झिजतेय, ती फिल्म कधी बनलीच नव्हती.

कामाच्या वेळात फोन करायचा नाही, असं लेकीने सांगून ठेवलेलं. आईने पहिलं वाक्य मनाशी जुळवलं, मग हळूच म्हणून पाहिलं: "बाळा, तुझ्या हातून काही निसटलं नाहीये. तुझ्या बाबांनी कोपर वाकवलंच नव्हतं." शेवटचा शब्द अर्ध्यावरच तुटला. ती थोडं पाणी प्यायली, पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. या वेळीही तो तुटलाच. तुटू दे, तिला ऐकू आलं म्हणजे झालं, असं म्हणत तिने लेकीचा नंबर काढला.