मागे राहिलेल्यांचे नाना

सिल्वासातल्या आमच्या वाहतूक शाखेचे नाना बसमध्ये कधी बसत नसत. बस रिकामी असली तरी मागच्या दाराशी, दांड्याला एक हात अडकवून उभे. कंडक्टर म्हणायचा, "बेसो ने नाना, घणी जग्या छे." नाना नुसती मान हलवायचे. त्यांचं लक्ष रस्त्याकडे. हात वर करून धावणारी एखादी बाई, डब्याची पिशवी छातीशी धरून पळणारा एखादा माणूस, आणि बस काही थांबत नाही. असं कुणी दिसलं की नाना डाव्या खिशातला एक चिंचोका काढून उजव्या खिशात टाकायचे. "बशीत किती बसले ते कंडक्टर सांगतो," ते म्हणायचे. "किती राहून गेले ते कोन सांगीन?"

हा माणूस सरकारी कार्यालयातला साधा कारकून, शहाद्याकडचा. पॅन्टचे खिसे शिंप्याकडून मुद्दाम खोल शिवून घेतलेले. संध्याकाळी ते परत येत तेव्हा उजवा खिसा इतका लोंबायचा की आम्ही लांबूनच अंदाज बांधायचो. "आज नाना फारच उजवीकडे कलले आहेत, म्हणजे आमलीच्या नाक्यावर निम्मं सिल्वासा राहिलं!" असं मी मोठ्यानं जाहीर करायचो आणि अख्खी शाखा हसायची. नानाही हसायचे. "ओ कोकन," ते मला म्हणायचे, "तुमच्या तोंडाला ब्रेक नही." मी रत्नागिरीचा. तोंडाला ब्रेक असता तर एवढ्या लांब नोकरीला आलोच नसतो, असं माझं त्यावरचं ठरलेलं उत्तर.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वेळ. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "टाइम घड्याळात नसतो भो, गेटावर असतो," हे वाक्य ते मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. मला त्याचा अर्थ कळला तो सायली गावाच्या बसमुळे.

सायलीच्या कारखान्यांत दिवसपाळी सातला सुटते. म्हणून आमची बस सात वाजून पाच मिनिटांनी तिथून आमलीकडे निघायची. कागदावर झकास. पण बायकांच्या रांगेची झडती घ्यायला गेटावर एकच बाई. ती प्रत्येकीची पिशवी उघडणार, डबा उघडणार, पदर झटकायला लावणार. शेवटची बाई बाहेर येईपर्यंत सात पंचवीस. तोवर बस रिकामीच निघून गेलेली. असं महिनोन्महिने चाललं आणि फायलीवर शेरा आला: प्रवासी नाहीत, फेरी बंद करावी.

नाना दहा दिवस रोज संध्याकाळी त्या गेटावर जाऊन उभे राहिले. तिथंच त्यांना सुनंदा भेटली. नंदुरबारची, आमलीत एका खोलीत राहणारी, धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला. बस चुकली की अकरा जणांच्या रिक्षात अर्धं अंग बाहेर काढून बसायचं, नाहीतर ट्रेलरच्या रांगेच्या कडेनं चालत यायचं. "घरवाला म्हणस, असं यावानं व्हई तर काम सोडी दे," असं ती नानांना म्हणाली. "नाना, बस थोडीशी मांगे सरकावा ना!" तिचं काम त्या वीस मिनिटांवर लोंबकळत होतं. नानांनी तिला शब्द दिला. कारकुनानं शब्द देऊ नये; पण त्यांनी दिला.

टिपण मी लिहिलं. शाखेत माझी भाषा चांगली, म्हणून नानांनीच सांगितलं. "जोरदार लिहा. साहेबाच्या डोळ्यात पानी आलं पाहिजे." मी लिहिलं, आणि खरोखर चांगलं लिहिलं. पण माझ्याकडे दुसरीही एक कला होती आणि ती टिपणापेक्षा लोकप्रिय होती. मी नानांची नक्कल करत असे. दांड्याला लटकलेले नाना, खिशात हात घालणारे नाना, चिंचोका डोळ्यांजवळ धरून "हा पन राहयला बिचारा" म्हणणारे नाना. काय सांगू, लोक पोट धरून हसायचे.

बैठकीच्या दिवशी चहा आला. नाना फाइल आणायला गेले होते. कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ दे," आणि मला सांगण्याची काय गरज! रंगात आलो. शेवटी नाना साहेबांपुढे चिंचोक्यांची रास ओततात आणि म्हणतात, "मोजा!", असा नवा प्रसंगही मी जागच्या जागी रचला. मागं वळलो तर दारात स्वतः साहेब. रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "एक बार फिर से!" मी पुन्हा केलं. पहिल्यापेक्षा चांगलं केलं.

दहा मिनिटांनी बैठकीत सायलीचा विषय आला. नाना उभे राहिले. उजव्या खिशात हात घातला आणि टेबलावर चिंचोके ओतले. "साहेब, हे दहा दिवसांचे," ते म्हणाले. "मोजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलले, एवढंच. साहेब फुटले, मग टेबलभर हशा उसळला. नानांना वाटलं, जरा थांबलं की संपेल. ते थांबले. हसू ओसरल्यावर त्यांनी झडतीचं सांगायला सुरुवात केली, पण "झडती" म्हणताना त्यांनी हवेत पदर झटकून दाखवला आणि पुन्हा सगळे हसत सुटले. "बहुत बढ़िया, नाना," साहेब म्हणाले. "आगे बढ़ते हैं." फेरी बंद झाली. माझं टिपण कुणी उघडलंही नाही.

मी चिंचोके गोळा करायला वाकलो. नाना म्हणाले, "राहू द्या." जिन्यात मात्र थांबले. "नक्कल चांगली करता हो तुमी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पन तिच्यात त्या बाया कुठं दिसत नहीत."

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले, चहाही पाजत राहिले. माफी मागायची मी खूपदा ठरवलं. पण दर वेळी ती एखाद्या विनोदात गुंडाळून द्यावी असं वाटायचं आणि चांगला विनोद सुचायचा नाही. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी माझ्याकडून नक्कल मागितली. मी नाही म्हणत होतो. नानाच म्हणाले, "होऊ द्या भो, शेवटची." मी केली. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

गेल्या हिवाळ्यात शहाद्याहून फोन आला. नाना गेले. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सायलीच्या गेटावर गेलो. सात पंचवीसला सुनंदा बाहेर आली. कुणीतरी बोट दाखवलं म्हणून ओळखली. मी कार्यालयातून आलोय म्हटल्यावर तिनं माझ्या मागं नाना आलेत का ते पाहिलं. "नाना नही उनात?"

मी सांगितलं. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "आते बसनं कोन दखी? तुमी कोन?"

"त्यांच्या हाताखाली होतो," मी म्हणालो. कागदोपत्री मी त्यांच्यापेक्षा एक पायरी वर होतो. "टिपण पुन्हा टाकलंय. साहेब नवे आहेत. मी स्वतः उभा राहून सांगणार आहे."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. माझा चेहराच मेला असा, की दुःखातही हसरा दिसतो.

"हसू नका साहेब," ती म्हणाली. "खरंच सांगशात ना?"