तो फोटो कुणाचा, सांगणार नाही

मंडळी, आपल्या ग्रुपच्या फोटो स्पर्धेत फोटो काढणाऱ्यांची नावं का झाकलेली असतात, हे आज मला माझ्याच चुलत्यांना समजवावं लागलं.

दुपारी मंचरच्या सायबर कॅफेत स्पर्धेचे फोटो बघत बसलो होतो. आण्णा, म्हणजे हेच चुलते, निमगाव साव्याहून चार जणांना घेऊनच आले. स्क्रीनवर शर्यतीत पळणारा बैल दिसला आणि शिंगांवरून त्यांनी ओळखला.

"ह्यो तर आपल्या पावण्यांचा बैल. म्हंजे फोटो तूच काढला आसणार. आमची ग्रुपवर खाती उघडून दे, मतं एकगठ्ठा टाकतो."

मी म्हणालो, "आण्णा, आधी सगळे फोटो बघा. आवडेल त्याला मत द्या."

"आपला माणूस सोडून परक्याला? लई शाना झालास."

मी खाती उघडून दिली नाहीत. कॅफेवाल्याने दिली. पाची मतं बैलाला पडली. आण्णा माझी पाठ थोपटून गेले.

आयोजकांनो, ती पाची मतं बाद करा. आणि मंडळी, तुमच्यातही असे आण्णा आहेतच, मला माहीत आहे. तुम्ही फोटो बघून मत देता की माणूस ओळखून?

राहता राहिला तो बैलाचा फोटो. तो माझा आहे की नाही, हे मी आण्णांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.