गुलाबी झालेली नदी

कॉम्प्युटरवरचं चित्र रुंद व्हावं म्हणून एकदा मी भरदुपारी शेजारच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद करायला लावले होते. गेले होते तीही पदर खोचून, मोठ्या ठसक्यात. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला आधी पाणी देईन आणि मग पोटभर हसून घेईन.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. ह्यांना झटका येऊन गेला होता आणि उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, "बोटं आत्ताच हलवा, पुढे हलवून उपयोग नाही." दाबायला रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी पलंगाखाली भिरकावला. "मी काय पाळण्यात आहे?" शेवटी एके सकाळी आपणहून म्हणाले, "केळीच्या आडतीत माझा तो नावेचा खेळ होता ना, तो लाव. त्यात दाबीन बोटं."

ट्रक भरून गेले की दुपारी आडतीतल्या कॉम्प्युटरवर हे तोच खेळत बसायचे. नदीपलीकडच्या जैनाबादचं पोर, तापीतून नावेनं शाळेत आलेलं. दुसरा खेळ आवडणार कुठला? मी सीडी शोधून काढली, मुलानं दिलेल्या नव्या रुंद कॉम्प्युटरवर लावली, आणि पाहते तर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे.

आता, आमच्या बुधवारा मोहल्ल्यात ज्यांनी जुने डबडे टीव्ही पाहिलेत ते मला हसणार नाहीत. लूम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि चित्र असंच दोन्हीकडून आकसायचं. मग घरोघर एकच ओरड, "फ्रिज बंद करा!" मीही फ्रिज बंद केला. पंखे बंद केले, आजारी नवऱ्याच्या डोक्यावरचासुद्धा. पट्टे हलेनात, तेव्हा शेजारी गेले. लूमवाले भाईजान भला माणूस. ह्यांचं नाव काढताच त्यांनी खटका पाडला, आणि गल्ली इतकी गप्प झाली की पारव्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं. थोड्या वेळानं तेच दारात. "भाभी, पिक्चर बड़ी हुई क्या? कारीगर बैठे हैं."

सून शाळेतून शिकवून आली, तिनं हे ऐकलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून पायरीवर बसून हसली. "आई, व्होल्टेजचा काय संबंध? खेळ चौकोनी पडद्यासाठी केलेला, पडदा आला रुंद. ताणला तर बघा काय होतं ते." ताणून दाखवला. नावाडी लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा ढेरपोट्या झाला. म्हटलं, राहू दे बाई पट्टे.

खरं दुखणं पुढेच होतं. नदी गुलाबी, काठ गुलाबी आणि खडकही गुलाबी. सुनेनं सेटिंगमध्ये जाऊन 'कमी रंग' लिहिलं होतं तिथे खुणा केल्या, जुन्या कॉम्प्युटरसारखं वाग म्हणून त्या यंत्राला बजावलं, पण ते कशालाच दाद देईना. हे डाव्या हातानं बटण दाबून पाहत होते. नाव तिसऱ्यांदा आपटल्यावर चिडले, "खडकच दिसत नाही, तर नाव कुठून काढू? हा माझा खेळ नाही. बंद कर." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघंच. सुनेनं चित्र ताणताना उघडलेली ती पडदा लहान-मोठा करायची सेटिंगची चौकट, काही जमतं का बघावं म्हणून मी उघडली, तेवढ्यात दूध उतू गेलं. पळाले. परत येईपर्यंत चौकटीचा विसर पडला होता. ती तशीच मागे उघडी ठेवून मी खेळ सुरू केला.

नदी आली. आपल्या तापीसारखी, हिरवट, मातकट. काळे ओले खडक, काठाला बाभळी, आणि पाण्यावर उन्हाची एक हलती रेघ, जी आडतीत डबा घेऊन गेल्यावर मी उभ्या-उभ्या पाहायची. मी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं मसाल्याच्या डब्यामागे पडलेल्या त्या चकतीत ही नदी जशीच्या तशी होती. तिचा एक थेंब आटला नव्हता.

"अहो," एवढंच म्हणाले.

हे वळले. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी कीबोर्डवर ठेवला. तर्जनी थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली आणि बटण खाली गेलं. नाव डावीकडे झुकली, खडकाला घासून सुटली. मी लेकरांचा जन्म पाहिलाय, पण एका बोटासाठी असा श्वास कधी रोखून धरला नव्हता.

संध्याकाळी सुनेनं ती चौकट बंद केली, खेळ लावला: गुलाबी. चौकट उघडून लावला: नदी. असं दोनदा करून पाहिलं. मग मोबाइलवर वाचून म्हणाली, "खेळाला मोजकेच रंग लागतात, आणि पडद्यामागचा दुसरा प्रोग्रॅम तेच रंग पळवतो. ही चौकट उघडी असली की तो गप्प बसतो. कळलं?"

"नाही."

"मलाही अर्धंच कळलंय, आई."

ह्यांना मात्र खरं सांगणं भाग होतं. जन्मभर मी डबे, कपाटं, नळ उघडे टाकत आले आणि हे बडबडत मागून ते बंद करत फिरले. म्हटलं, "ऐकलंत का, तुमची नदी माझ्या वेंधळेपणानं आलीय. मी ती चौकट उघडीच विसरले होते."

पडद्यावरची नजर न काढता हे म्हणाले, "मग राहू दे ना उघडी. डबेही टाकत जा उघडे. झाकणं मी लावीन, ह्याच हातानं."