दसऱ्याच्या दिवशी एक ओळ

जुन्नरच्या बाजारात भंगारवाल्याकडे मी जुना कूलर बघायला गेलो आणि घेऊन आलो टाइपरायटर. मराठी, लोखंडी, असा जड की उचलताना कमरेत चमक भरली. घरी आणून रॉकेलनं पुसला, पुण्याहून रिबन मागवली. ताईला दाखवायचा होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घोडेगावात तिचा टायपिंगचा क्लास होता. डोंगरातल्या गावांतून एसटीनं येणाऱ्या कितीतरी मुली तिथं शिकून नोकरीला लागल्या. पुढं कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, मशिनं भंगारात गेली. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. म्हटलं, हे बघून तिला आनंद होईल.

पण दसऱ्यापर्यंत कौतुक माझंच झालं. मशीन हॉलमध्ये दिव्याखाली ठेवलं, वर मनीप्लांटची कुंडी. येणारा-जाणारा दोन कळा दाबायचा, फोटो काढायचा, "काय पीस मिळालाय राव!" म्हणायचा. मीही फुशारून जायचो.

दसऱ्याला ताई सोनं द्यायला आली, तेव्हा अवसरीच्या कॉलेजातले माझे सहकारी घरी बसले होते. मशीन दिसताच ती दारातच थांबली. मग जवळ जाऊन आधी कुंडी उचलून खाली ठेवली आणि पदरानं मशीन पुसलं.

"लई चांगलं केलंस रं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. माझं काम तिथंच झालं होतं. पण गप्प बसेन तर मी कसला!

"ताई, टाइप करून दाखव ना यांना."

"आज न्हाई. उद्या दाखवते."

"उद्या हे लोक कुठं असणार?"

"आरं, दसरा हाय. आज मशीनला इसावा असतो. पूजा तरी केली का न्हाई?"

मला का हे ठाऊक नव्हतं? लहानपणी क्लासातल्या मशिनांवर झेंडूची फुलं मीच वाहायचो, प्रसादाचं खोबरं सगळ्यांत जास्त मीच खायचो. त्या दिवशी एकाही कळेला बोट लावायचं नाही, हा ताईचा नियम. आणि आज सकाळी मी दारातल्या गाडीला हार घातला होता, मोटरसायकललाही घातला होता. मशीन आठवलंसुद्धा नाही. माझ्या लेखी ते कामाचं हत्यार नव्हतंच, शोभेची वस्तू होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. चारचौघांत ती नाही म्हणाली, याचाच मला राग आला होता. "एवढं काय त्यात? एकच ओळ," म्हणत मी कागद लावला, खुर्ची ओढली. एकानं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर भावाचा शब्द खाली पडू नये, एवढंच तिच्या मनात आलं असणार. ती बसली.

बोटं झरझर चालली. ओळ संपली, घंटी वाजली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, सगळ्यांत जोरात मी.

ताई उठून आत गेली आणि माझ्या बायकोकडून हळदकुंकू घेऊन आली. मशीनला बोटं लावली, आपट्याचं पान वाहिलं. मग वाकून, हात जोडून हळू आवाजात म्हणाली, "चुकलं माझं."

मी तिच्या मागंच उभा होतो. चूक माझी आहे, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली ती नंतर, पाहुणे गेल्यावर. तोवर ताई घोडेगावच्या गाडीत बसली होती.

त्या सहकाऱ्यानं हौसेनं मला तो व्हिडिओ पाठवला. त्यात ताई मशीनपुढं वाकलेली आहे, आणि तिच्यामागं मी मोबाइलकडे बघून हसतोय.