मायच्या हातचा रस्सा

आमचे बाबा शिंपी. अमरावतीला राजापेठेत त्यांचं दुकान होतं, आणि वर्षानुवर्षं मशीनवर बसून त्यांना चांगलं गरगरीत पोट सुटलं होतं. पोटाची तेव्हा कुणाला लाज नव्हती. उलट गिऱ्हाईकं चेष्टेनं म्हणत, "खात्यापित्या घरचा माणूस हाय!" ते ऐकून माय फुलायची. बाबांचं पोट म्हणजे तिच्या स्वयंपाकाची पावतीच.

मी मॅट्रिकला असताना एका सकाळी बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा जांभळा होऊन फुगला. पांघरूण लागलं तरी ते कळवळत. मशीनचं पायडल मारणं तर दूरच. आजार हत्तीच्या पावलांनी येतो नि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. हा मेला जायचासुद्धा लवकर, आणि बाबा कपडे शिवायला बसले की पुन्हा दारात हजर.

मायनं उपाय काढला. आमच्याकडे मोडक्या हाडाला नि दुखऱ्या गुडघ्याला एकच औषध, बकऱ्याच्या पायांचा रस्सा. तो ती सकाळपासून चुलीवर रटरटत ठेवायची आणि वाटी भरून पुढ्यात बसायची. "प्या, पायात जोर येते." बाबा मिटक्या मारत प्यायचे. दुखणं वाढलं की ती रस्सा वाढवायची. पुढं पुढं त्यात कलेजीही पडू लागली.

शेवटी मी बाबांना अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माय धाकट्या भावंडांपाशी घरीच राहिली. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून सांगितलं, "रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. ते सांध्यात साचतं, मूत्रपिंडातही साचतं. शिवाय लघवीत साखर आहे, रक्तदाब चढलाय. हे सुटलेलं पोट, बैठं काम, सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत. मटण, कलेजी, पायांचा रस्सा आजपासून बंद."

"रश्शानंच झालं का जी?" बाबांनी विचारलं.

"एकट्या रश्शानं नाही. पण त्यानं भर घातली."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागं पडलं. मग बाबा म्हणाले, "मायले हे काई सांगू नको. डॉक्टरनं सतरा गोष्टी सांगतल्या, पण तिच्या डोक्यात रस्साच राहीन. जनमभर सोताले खात बसन थे." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मायनं वाटी आणली. बाबांनी ती बाजूला सारली. "नको. तुह्या हातची चव नाई लागत आता."

"काहून? मीठ कमी झालं?"

"नाई लागत, बस."

डॉक्टरांनी मना केलंय म्हटलं असतं, तर तिनं कारण खोदून काढलंच असतं. हे मला कळत होतं, तरी बाबांचा भयंकर राग आला. मायनं मसाला बदलून पाहिला. शेजारणीला विचारून तिच्यासारखा रस्सा केला. बाबा मान फिरवायचे. मग तिनं रश्शाचं पातेलं फळीवर उपडं घातलं, आणि स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही थांबलं.

पथ्य उशिरा सुरू झालं होतं. काही वर्षांनी मूत्रपिंडं थकली, अंगावर सूज चढली आणि बाबा गेले.

वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढायची आमच्या घरी रीत. मटण चालायचं. माय सकाळपासून राबत होती. भजी झाली, भरली वांगी झाली, पुरण झालं. मी म्हटलं, "माय, रस्सा कर नं. बाबाले किती आवडे."

तिनं पदराला हात पुसले. "नको वं. शेवटी माह्या हातचा नव्हता आवडत त्याईले. पानावर पाह्यला तं न जेवताच उठून जातीन."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी खाली बघून पानावर वरण वाढलं.