तांदळावरचं नाव

१४ जानेवारी. सकाळपासून दोनदा ड्राइव्हवे शोव्हल केला, तरी बर्फ पुन्हा बसला. फावड्याच्या टोकाने त्यात एक अक्षर उमटलं, आणि हॅमिल्टनला पोलिसांच्या फसवणूक-तपासात नोकरीला असताना चौकशीला बोलावलेली ती बाई डोळ्यांसमोर आली. निवृत्त झाले, तरी ते प्रकरण मनातून गेलेलं नाही.

खबर एका परदेशी बँकेकडून आली होती. परक्या देशाच्या ताब्यातल्या एका दूरच्या बेटावर एका मराठी जहाज-इंजिनिअरने त्या बँकेत बहिणीबरोबर जॉइंट खातं उघडलं होतं. तो वारला. तिथल्या नियमांनुसार बहिणीला आपली ओळख नव्याने पटवायची होती. हॅमिल्टनच्या एका इस्पितळात काम करणाऱ्या या बाईने कागद पाठवले, पण त्यांवर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही खात्यावरच्यापेक्षा वेगळी. फॉर्मवरच्या 'दुसरं नाव वापरता का?' यापुढे तिने लिहिलं होतं, 'नाही'.

माझा गोरा सहकारी म्हणाला, “आडनाव बदललं, समजू शकतो. पण सगळंच? हे तर वेषांतर झालं.”

तोतयेगिरीचा गुन्हा नोंदला असता तर तिची नोकरी गेली असती. तिला ते माहीत होतं.

“खोटं का लिहिलंत?” मी मराठीत विचारलं.

“खोटं कुठे, ताई? वापरता का, असं विचारलंय. त्या नावाने हाक मारणारा दादा एकटाच उरला होता. आता कोण वापरणार?”

माहेरचं नाव नदीचं, लग्नात ठेवलेलं फुलाचं. लग्नाची नोंदणी नव्हती. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा.

मी चहा आणायला उठले. ती खिडकीशी उभी राहून बाहेर पाहत होती. बर्फ इतका संथ पडत होता की खोलीच वर तरंगत चालल्यासारखी वाटे. दारातून मी नदीच्या नावाने हाक मारली.

“ओ,” ती म्हणाली. वळली, आणि मला पाहून गोंधळली.

उत्तरं पाठ करता येतात. पाठीमागून आलेल्या हाकेची तयारी करता येत नाही. पण 'ओ' पुरावा होत नाही.

“लग्नाचे फोटो आहेत?”

संध्याकाळी तिने अल्बम आणला, लग्नपत्रिकाही. पत्रिकेत नदीचं नाव. फोटोत ताटभर तांदूळ, त्यावर अंगठीने लिहिलेलं फुलाचं. मागे उभा भाऊ. बेटावरच्या बँकेकडच्या फोटोतला तोच चेहरा. तांदळावर नाव का लिहितात हे सहकाऱ्याला सांगितलं, मग अहवालातही लिहिलं. सोबत तिचं प्रतिज्ञापत्र जोडलं. बेटावरच्या बँकेने ते मान्य केलं आणि आम्ही फाइल बंद केली.

नियम चुकीचा नव्हता. रकाना विचारतो तेवढंच माणूस सांगतो, एवढं मी शिकले.

फाइल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बँकेत गेले आणि लग्नापासून रिकामा सोडलेला 'पूर्वीचं नाव' हा रकाना भरायला घेतला. क्लार्कने स्पेलिंग विचारलं. मला आठवावं लागलं.