अंबिकाकाकूंच्या मुंग्या

आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत अंबिकाकाकूंनी चोर पकडायला मुंग्या ठेवल्यात, असं मी सगळ्यांना सांगायचे. चोर म्हणजे त्यांचेच यजमान, वासुदेवकाका. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, वय शहात्तर, शुगर तीनशेच्या वर आणि जीभ सात वर्षांच्या पोराची.

काका रोज संकठा देवीच्या दर्शनाला अनवाणी जायचे आणि येताना पेढे आणून घरात लपवायचे. कधी छत्रीत, कधी पोथीच्या कापडात. काकू शोधत बसायच्या नाहीत. सकाळी चहा घेता घेता नुसत्या भिंतीकडे बघायच्या.

"आधी एकटीच मुंगी भटकत येते," त्या मला शिकवायच्या. "गोड सापडलं की परत जाताना पोट टेकवत टेकवत वास सोडते. मग बाकीच्या त्याच वाटेनं येतात. आपण फक्त रांगेमागे जायचं." रांग पोथीपाशी संपली की पेढा जप्त.

"साखरेचं खाणार त्याला देव देणार," काका हसायचे.

"देव देईल, पण डॉक्टर पाय कापेल!"

डॉक्टरांनी बजावलंच होतं. पायांना आता काही कळत नाही, तळवे रोज बघा, एक जखमसुद्धा महागात पडेल. पण काका पाय दाखवायचे नाहीत. "मी काय बाजारातला घोडा आहे?" काकूंनी दोन-चारदा हट्ट धरला, मग सोडून दिला. पेढे पकडले की पाय वाचले, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ज्येष्ठात देवीच्या वाटेवरच्या घाटाच्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात. तेव्हाच एका सकाळी काकूंनी हाक मारली, "इरावती, ये गं, आज मोठा माल आहे!" खिडकीतून आलेली लाल मुंग्यांची जाड रांग पलंगाच्या खुरावरून गादीवर चढली होती. काका पातळ चादर घेऊन पडले होते.

"काढा बाहेर," काकू म्हणाल्या.

"अगं, पेढा नाहीये. देवीची शपथ. झूठ कशाला बोलू?"

"मुंग्या झूठ नाही बोलत."

त्यांनी हसतच चादर ओढली. रांग काकांच्या उजव्या टाचेत जात होती. टाचेखालचा मोठा फोड फुटून चिघळला होता आणि त्यात मुंग्या गच्च भरल्या होत्या.

"अहो, चावत नाहीत?" काकू टाचेवर वाकल्या.

"कोण?" काकांनी विचारलं.

मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी करून आले, तेव्हा काकू जमिनीवर बसून ओल्या फडक्यानं मुंग्यांची वाट पुसत होत्या. मुंग्या क्षणभर गोंधळायच्या आणि बाजूनं पुन्हा जुळायच्या.

"कधीपासून येत असतील गं या?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. आदल्या दिवशी दुपारीच मी खिडकीवर ती रांग पाहिली होती, आणि काका उद्या सकाळी पकडले जाणार म्हणून हसत घरी गेले होते.